डोकं वापरत राहा म्हणे

आमचे काका हायस्कूलात गणिताचे मास्तर होते. तीस वर्षं. पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ, पेपरातलं शब्दकोडं चहा संपायच्या आत सुटायचं, रिटायर झाल्यावरही दहावीच्या पोरांना फुकट शिकवायचे. गेल्या वर्षी त्यांना अल्झायमर्स निघाला आणि फॅमिली ग्रुपवर दोन तट पडले. एक गट रोज फॉरवर्ड टाकणारा, सुडोकू सोडवा, डाव्या हाताने दात घासा, पाढे म्हणा, मेंदू गंजू देऊ नका. दुसरा गट म्हणे काही उपयोग नसतो, नशिबात असेल ते होणार, घराण्यातच आहे ते. आणि मधेच कुणीतरी लिहून गेलं की "शिकवणी बंद केली ना त्यांनी, मग डोकं चालेनासं होणारच". काकू त्याच ग्रुपवर आहेत. त्यांनी ते वाचलं, काही बोलल्या नाहीत. शिकवणी काकांनी बंद केली नव्हती, ती बंद पडली होती, कारण ते एकच गणित पुन्हा पुन्हा सांगायला लागले आणि पोरं यायची थांबली. म्हणजे जे आजाराचं पहिलं लक्षण होतं तेच आजाराचं कारण म्हणून त्यांच्या नावावर चिकटवलं गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे, दोन्ही गट चुकतायत आणि चूक एकच आहे. दोघंही ह्या आजाराला एकट्या माणसाची गोष्ट समजतात, एकासाठी त्याच्या मेहनतीची आणि दुसऱ्यासाठी त्याच्या कपाळाची. मेंदूत आजार असूनही माणूस बरीच वर्षं नीट राहू शकतो हे खरंय, आणि ही ताकद काही जणांत जास्त असते काही जणांत कमी हेही खरंय. पण ती ताकद येते कुठून ह्याचं उत्तर सुडोकूच्या पुस्तकात कमी आणि शाळेच्या पटावर, कानात, रक्तदाबात आणि माणसाच्या आजूबाजूला असलेल्या माणसांत जास्त सापडतं, आणि ह्यातलं बरंचसं एकट्याने कमवायचं नसतंच.

आधी ही ताकद म्हणजे काय ते बघू. १९८८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात वारलेल्या १३७ लोकांचे मेंदू तपासले. त्यात दहा जण असे निघाले की मेंदूत अल्झायमर्सच्या खुणा भरपूर, पण जिवंतपणी त्यांचं डोकं ठणठणीत. त्यांचे मेंदू वजनाला जास्त होते आणि त्यात मोठ्या पेशीही जास्त शिल्लक होत्या. त्याच सुमाराला, १९८६ पासून, डेव्हिड स्नोडन ह्यांनी स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम ह्या ख्रिस्ती संस्थेतल्या जोगिणींचा, म्हणजे ननचा, अभ्यास सुरू केला. एकूण ६७८ जणी, सगळ्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आणि गंमत अशी की सगळ्यांचं जेवण सारखं, राहणं सारखं, सिगारेट नाही की मूलबाळ नाही, त्यामुळे इतर फरक आपोआप बाजूला पडतात. त्यातल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत चाचण्यांमध्ये उत्तम मार्क, आणि मेंदू उघडला तर आत प्लाक आणि गुंते, म्हणजे अल्झायमर्सच्या खुणा, पसरलेले. कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या याकोव्ह स्टर्न ह्यांनी पुढे ह्या ताकदीवर आयुष्यभर काम केलं, तिला आता कॉग्निटिव्ह रिझर्व्ह म्हणतात.

ह्याला मराठीत लोक "मेंदूची शिल्लक" म्हणतात, बँकेतल्यासारखी, आणि मला वाटतं घोळ तिथूनच सुरू होतो. शिल्लक म्हटलं की ती कुणीतरी काटकसरीने साठवली असं डोक्यात येतं आणि ज्याची संपली तो उधळ्या ठरतो. त्यापेक्षा मुंबईची लोकल डोळ्यासमोर आणा. सायनजवळ पाणी भरलं आणि सेंट्रल बंद पडली तर ज्याला हार्बर, बस, शेअर रिक्षा असे चार रस्ते ठाऊक आहेत आणि परवडतात तो उशिरा का होईना घरी पोचतो, ज्याच्या स्टेशनाला दुसरा रस्ताच नाही तो फलाटावर बसून राहतो. पाणी दोघांच्याही वाटेत तेवढंच भरलेलं असतं. रस्ते बांधले कुणी हा पुढचा प्रश्न, पण प्रवाशाने नाही एवढं नक्की.

आता पहिल्या गटाचं जे सगळ्यात तगडं म्हणणं आहे ते मान्य करतो. डोक्याला चालना मिळणाऱ्यांना डिमेन्शिया (विसर वाढत जाऊन रोजची कामंही जमेनाशी होतात तो, अल्झायमर्स हा त्याचाच सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) कमी होतो असं खरंच दिसतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ७५ च्या वरच्या ४६९ लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून जो अभ्यास २००३ मध्ये छापून आला त्यात वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच ह्या चार गोष्टी करणाऱ्यांना धोका कमी दिसला. (नाच! आमच्या भोंडल्याच्या आणि मंगळागौरीच्या बायका उगाच नाहीत.) पण इथे उलटाही अर्थ लागतो, तो काकांच्या शिकवणीसारखा. अल्झायमर्स मेंदूत पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतो, मग शब्दकोडं सोडल्यामुळे आजार झाला की आजार आत शिरल्यामुळे शब्दकोडं सुटलं? ब्रॉन्क्सवाल्यांनी सुरुवातीच्या वर्षांतले रुग्ण बाजूला काढून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला, तरी पूर्ण सुटत नाही. म्हणून माणसांना चिठ्ठ्या टाकून गटात वाटून प्रत्यक्ष व्यायाम द्यायला लागतो. ॲक्टिव्ह नावाच्या चाचणीत तेच केलं, २८३२ म्हातारी माणसं, कुणाला स्मरणशक्तीचा सराव, कुणाला तर्काचा, कुणाला झटकन बघून ओळखायचा. निकाल काय तर ज्याचा सराव केला त्यात माणूस सुधारतो, दुसऱ्यात नाही. यादी पाठ करायची सवय झाली म्हणून बिलाचा हिशोब जमायला लागला असं होत नाही. स्मरणशक्तीच्या गटाचा फायदा तर दहा वर्षांनी उरलाच नाही. एकट्या वेगाच्या सरावाच्या गटात पुढे डिमेन्शिया कमी दिसला, तो मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करायला हवा आणि त्याकडे लक्ष ठेवायला हवं, पण तो सराव म्हणजे सुडोकू नाही, शब्दकोडंही नाही आणि डाव्या हाताने दात घासणं तर नाहीच. एवढ्याशा पुराव्यावर बाजार केवढा उभा राहिला बघा, लुमोसिटी ह्या ॲपच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर वीस लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली कारण म्हातारपणची विसर टळते असा त्यांचा जाहिरातीतला दावा सिद्ध करायला त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

सुडोकू सोडवू नका असं मी म्हणत नाहीये, आवडतं तर सोडवा की, मी पण सोडवतो. पण त्याला औषध म्हणू नका, कारण औषध म्हटलं की ते न घेणारा आपोआप गुन्हेगार होतो.

आणि डोकं वापरून हा आजार टळत असता तर जॉर्ज फर्नांडिसांना झाला नसता. १९६७ ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या काँग्रेसच्या बड्या नेत्याला पाडणारा, १९७४ चा रेल्वे संप उभा करणारा, कोकणी मराठी कन्नड हिंदी इंग्रजी अशा दहाएक भाषांमध्ये सभा गाजवणारा माणूस, त्याने डोकं कमी वापरलं असं कोण म्हणेल? शेवटची बरीच वर्षं ते अल्झायमर्सने अंथरुणावर होते, २०१९ च्या जानेवारीत गेले. रिझर्व्हचं जे शास्त्र आहे ते नीट वाचलं तर ह्यात कोडं काहीच नाही. ही ताकद आजार थांबवत नाही, त्याची लक्षणं लांबवते. आत नासधूस चालू असते, फक्त बाहेर दिसत नाही, आणि जेव्हा दिसायला लागते तेव्हा आतलं बरंचसं संपलेलं असतं. म्हणून तर स्टर्न ह्यांच्याच अभ्यासात दिसलं की शिकलेल्या लोकांची घसरण एकदा निदान झालं की जास्त वेगाने होते. काकांच्या बाबतीत सगळे म्हणाले "एका वर्षात एवढं कसं झालं हो", एका वर्षात नव्हतं झालं, इतकी वर्षं त्यांची पावकी-दिडकी ते झाकून धरत होती.

रोग्याच्या स्वभावावर रोग ढकलायची ही सवय जुनी आहे. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने दाखवला, त्याआधी युरोपात क्षय हळव्या, कवी मनाच्या माणसांचा आजार समजला जायचा. पोटातला अल्सर तर अगदी १९८० च्या दशकापर्यंत चिडक्या आणि काळजीखोर माणसांचा होता, मग ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल ह्यांना तिथे बॅक्टेरिया सापडला आणि त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. तोवर किती जणांनी "तू टेन्शन घेतोस म्हणून" हे ऐकलं असेल? आज डिमेन्शियाच्या घरात तेच चाललंय, फक्त टेन्शनच्या जागी सुडोकू आलाय.

ह्या पहिल्या गटाची एक पोटशाखा आहे, ती म्हणते की पूर्वी पाठांतर होतं, रामरक्षा आणि पाढे होते म्हणून आपल्या वाडवडिलांना असलं काही होत नव्हतं. त्यांचा आवडता पुरावा म्हणजे यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूचा अभ्यास, जेम्स हार्टझेल ह्यांचा. तो अभ्यास खरा आहे, २१ पंडित आणि २१ इतर माणसं, भारतातच एमआरआय काढले, आणि पंडितांच्या मेंदूत काही भागांत करडा थर (ग्रे मॅटर) जास्त निघाला. पण त्यात डिमेन्शिया कुणी मोजलाच नव्हता! ते पंडित तरुण होते. आणि वाडवडिलांना होत नव्हतं म्हणता तर "साठी बुद्धी नाठी" ही म्हण कुणी केली? "म्हातारचळ" हा शब्द काय कालपरवा कुठल्या न्यूरॉलॉजिस्टने काढला? स्वातंत्र्याच्या वेळी ह्या देशात सरासरी आयुष्य बत्तीसएक वर्षांचं होतं, ऐंशीपर्यंत पोचायचेच मोजके, आणि जे पोचायचे त्यातले काही माजघरात बसून मेलेल्या बहिणीला हाका मारायचे. आपण त्याला आजार म्हणत नव्हतो एवढंच.

आता दुसरा गट, नशीबवाला. ह्यांच्याशी भांडणं जास्त अवघड आहे कारण ह्यांच्या बाजूने पुरावे चांगले आहेत. एपीओई नावाच्या जनुकाचा ई-फोर प्रकार एका बाजूने आला तर धोका दोन-तीन पट, दोन्ही बाजूंनी आला तर त्याहून पुष्कळ जास्त. कोलंबिया देशात अँटिओक्विया भागात काही घराणी आहेत ज्यांच्यात एका जनुकाच्या बिघाडामुळे पंचेचाळिशीच्या आसपासच विसर सुरू होते, आणि त्याच घराण्यातल्या एका बाईला तोच बिघाड असूनही सत्तरीपर्यंत काही झालं नाही, का तर तिच्याकडे आणखी एक दुर्मिळ बदल होता, तोही जन्मतःच, तिने कमावलेला नव्हता. म्हणजे आजारही जन्माने आणि बचावही जन्माने. शिक्षणाबद्दलही ह्या गटाकडे एक जबरी दाखला आहे, तो त्यांना माहीत नाही म्हणून मीच देतो. स्वीडनने गेल्या शतकात सक्तीची शाळा एका वर्षाने वाढवली, काही गावांत आधी काही गावांत नंतर, त्यामुळे आयता प्रयोगच झाला. तेरा लाख लोकांची नोंद तपासली तर त्या जादा वर्षाने डिमेन्शियात म्हणावा असा फरक पडलाच नाही. मग शाळा आणि मेंदूचा संबंध निव्वळ योगायोग, पैसेवाले शिकतात आणि पैसेवाले निरोगी राहतात, असंच ना?

नाही. कारण स्वीडनमधला प्रश्न होता सहावी झालेल्या मुलाला सातवीत बसवल्याने काय होतं. आपल्याकडचा प्रश्न तो नाहीये, आपल्याकडचा प्रश्न आहे शाळेचं तोंडही न बघितलेली बाई आणि चौथी झालेली बाई ह्यांच्यात काय फरक पडतो. पोटभर जेवलेल्याला एक पोळी जास्त वाढून भूक आणि पोळीचा संबंध नाही असं सिद्ध करता येत नाही. शिवाय अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाची नोंद बघा, तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे दर दहा वर्षांनी डिमेन्शियाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी घटत गेलं, जनुकं तर तीच होती, नशीब एवढ्या लवकर बदलत नाही. आणि ही घट फक्त त्यांच्यात दिसली ज्यांचं किमान हायस्कूल झालं होतं, बाकीच्यांत नाही. ती नुसत्या शाळेची करामत नसणार, शिकलेल्यांच्या हृदयाची तब्येतही त्या काळात सुधारली होती. चालेल, मला तेच म्हणायचंय, ह्या गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये हिशोब मांडला की जगातल्या ४५ टक्के डिमेन्शियाचा संबंध बदलता येण्यासारख्या चौदा गोष्टींशी आहे. हा आकडा लोक चुकीचा वाचतात, माझा धोका ४५ टक्क्यांनी कमी करता येईल असा. तसं नाहीये, तो आख्ख्या समाजाचा हिशोब आहे. यादीत सगळ्यात वर काय आहे ते बघा, कमी ऐकू येणं ७ टक्के, वाईट कोलेस्टेरॉल ७ टक्के, लहानपणी कमी शिक्षण ५ टक्के, एकटेपण ५ टक्के. सुडोकूला त्यात ओळ नाही.

लहानपणी कमी शिक्षण. इथे मला माझी आत्या आठवते, काकांची धाकटी बहीण, आता ७८ ची. भाऊ मास्तर झाला आणि बहीण दुसरीतून काढली कारण धाकट्या भावंडांना कडेवर घ्यायला कुणीतरी पाहिजे होतं. एकाच घरातली, एकाच रक्ताची दोन माणसं. सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. जोतीरावांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनला सांगितलं की बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये इंग्रजांच्या कौन्सिलात त्याचं बिल आणलं, ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमाराला करून दाखवलं, पण ते एक संस्थान. मग घटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत सक्तीचं शिक्षण देऊ, आणि १९५१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता होती ८.८६ टक्के. ती दहा वर्षं येऊन गेली, प्रत्यक्ष कायदा झाला २००९ मध्ये. आत्या ह्या मधल्या खड्ड्यात वाढली. ह्या प्रत्येक टप्प्यावर विरोध करणारे म्हणायचे की खर्च फार आहे, मजुराच्या पोराला शिकून काय करायचंय. ते बिल पाडणाऱ्या ३८ जणांना सत्तर-ऐंशी वर्षांनंतरच्या विसरभोळ्या म्हाताऱ्या डोळ्यासमोर दिसत होत्या का? नसणारच. पण आज भारतात साठीच्या वरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांचं शहरांपेक्षा जास्त, हे दिसल्यावर तरी आपल्याला "नशीब" हा शब्द वापरायला जरा जड जायला पाहिजे. कपाळावर लिहिलेलं असेलही, पण ते अक्षर कुणाचं आहे ते ओळखू येतं.

एक आक्षेप मात्र मला मनापासून पटतो. हा शिक्षणाचा जो परिणाम दिसतो तो काही अंशी मोजमापाचाच खोटेपणा असू शकतो, कारण चाचण्या शाळेत गेलेल्यांनी शाळेत गेलेल्यांसाठी बनवल्यात. आत्याला एका ठिकाणी तपासायला नेलं होतं, तिथल्या पोरीने विचारलं आजची तारीख काय. आत्या म्हणाली "आषाढ वद्य तृतीया, उद्या संकष्टी". पोरीने फुली मारली. शंभरातून सात वजा करत जा म्हणाली, आत्याने विचारलं कशातून वजा करायचे, पैसे का? पुन्हा फुली. हीच बाई महिनाभराचं रतीबाचं दूध, खाडे धरून, तोंडी सांगते आणि गवळ्याची वही चुकलेली पकडते. हरयाणात बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्यांना हे फार आधी कळलं आणि त्यांनी १९९० च्या दशकात निरक्षर लोकांना झेपेल अशी हिंदी चाचणी तयार केली, पण आपल्या गल्लीतल्या तपासणीत अजून कागदावर दोन पंचकोन काढायला लावतात आणि ज्या हाताने जन्मात पेन्सिल धरली नाही तो हात थरथरला की खूण करतात. तर हा आक्षेप मान्य, पण त्याने माझं म्हणणं पडत नाही. सगळा फरक चाचणीचाच असता तर शिकलेल्यांचे मेंदू मेल्यावर उघडल्यावर आत आजार आणि बाहेर शहाणपण असा विरोध दिसलाच नसता.

आणि निरक्षर म्हणजे रिकामं असं तरी कुणी ठरवलं? ह्या विषयावरचं मला सगळ्यात आवडलेलं काम आपल्या शेजारचं आहे, हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमधलं. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांचा हिशोब २०१३ मध्ये मांडला तेव्हा दिसलं की दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि जे मुळात शाळेतच गेले नव्हते त्यांच्यातही हा फरक होता, उलट थोडा जास्तच. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, हिंदी ह्या भाषा रस्त्यावर शिकल्या जातात, क्लास लावून नाही. इतर ठिकाणच्या सगळ्याच अभ्यासांत भाषेचा असा फायदा दिसत नाही, त्यामुळे ताबूत घेऊन नाचायला नको. पण सोलापुरात घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि बाजारात कानडी बोलत विड्या वळणाऱ्या बाईच्या डोक्यात दिवसभर काय कसरत चाललेली असते त्याचा विचार करा, तिला कुणी कधी ब्रेन जिमची मेंबर म्हटलंय का? मला ह्यातून एवढंच दिसतं की ही ताकद डिग्रीत नसते, रोजच्या जगण्यात जे गुंतागुंतीचं करायला लागतं आणि ज्यांच्याबरोबर करायला लागतं त्यात असते.

"ते सगळं ठीक, पण शाळा आता साठ वर्षांनी थोडीच मिळणार, आज मी काय करू ते सांग", हा प्रश्न ग्रुपवर माझ्या मावसभावाने विचारला आणि तो योग्य आहे. सगळं समाजावर ढकललं की माणसाने हातावर हात ठेवून बसायचं हाही एक नशीबवादच झाला. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो ह्यांच्या फिंगर चाचणीत साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याचा सराव आणि बीपी-कोलेस्टेरॉलवर नजर असं सगळं एकत्र दिलं, त्यांची कामगिरी बाकीच्यांपेक्षा सरस राहिली, फार नाही पण राहिली. म्हणजे उशीर झालेला नसतो. पण त्यात बघा, कुणी एकट्याने ॲप उघडून केलेलं नाही, नर्स होत्या, ग्रुप होते, व्यायाम शिकवायला माणसं होती.

बीपीचं तर मला सगळ्यात आश्चर्य वाटतं. जो भाऊ रोज दोन सुडोकू सोडवतो तोच म्हणतो की बीपीची गोळी एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते म्हणून मी घेत नाही. अमेरिकेत स्प्रिंट चाचणीत ९३६१ लोकांमध्ये वरचं बीपी १२० च्या खाली आणणारे आणि १४० च्या खाली ठेवणारे अशी तुलना केली, खाली आणलेल्यांमध्ये विसरभोळेपणाची सुरुवातीची पायरी १९ टक्क्यांनी कमी झाली. पूर्ण डिमेन्शियाचा आकडा घटला पण खात्रीने म्हणावा इतका नाही, ती चाचणी लवकर थांबवली होती. तरीही सुडोकूच्या मागे एवढासुद्धा पुरावा नाही, आणि गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. (किती खाली आणायचं ते डॉक्टरला विचारा, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडलात तर मेंदूला तेही बरं नाही.)

तीच गोष्ट कानांची. डोळ्यांना चष्मा लागला तर कुणी लाजत नाही, कानाला मशीन लावायचं म्हटलं की माणूस बहिरा ठरतो. ऐकू येत नाही म्हणून माणूस आधी हो हो करत राहतो, मग कट्ट्यावर जायचं बंद करतो, मग घरातले म्हणतात आजकाल यांचं लक्षच नसतं, आणि मेंदूला मिळणारं बोलणं, चेष्टा, भांडण सगळं आटतं. २०२३ मध्ये ९७७ लोकांवर तीन वर्षांची चाचणी छापून आली, सगळे धरले तर मशीनने फरक पडला नाही, हे आधी सांगतो, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांच्या शिबिरात शुगर बघतात, मोतीबिंदू बघतात, कान कोण बघतं? मुख्यमंत्री वयोश्री योजनेत मशीन, चष्मा, काठी जे लागेल त्यासाठी एकदा ३००० रुपये मिळतात, त्यात बरं डिजिटल मशीन एका कानाचंसुद्धा येत नाही. पाच-दहा लाखांचं ओपन जिम मात्र प्रत्येक नगरसेवकाच्या नावाने प्रत्येक बागेत आहे, आणि तिथे सकाळी कॉलेजची पोरं लटकलेली असतात.

आत्याला आम्ही तिघा भावांनी मिळून मशीन घेतलं. पहिले आठ दिवस कुकरची शिट्टी कानात घुसते म्हणून डब्यात काढून ठेवलं होतं. आता भजनाला घालून जाते, कारण मृदंगवाली चुकते ते तिला पुन्हा ऐकू यायला लागलंय आणि ते सांगितल्याशिवाय तिला राहवत नाही. काकांकडे ती दर गुरुवारी जाते. ते तिला कधी ओळखतात, कधी आई समजतात. ती त्यांच्याशी पावकी म्हणत बसते. तिला ती कुणी शिकवली नव्हती, हा भाऊ ओसरीवर मोठ्याने घोकत असताना आतून ऐकून पाठ झालेली. काका मधेच अडतात, ती पुढचं सांगते.